गजसेना नदीतीरे

बेळगावच्या खासबागेत कोणी काही चुकीचे बोलला, तर ती चूक त्याच्या आधी हेरेकर सरांना कळत असे, आणि मग त्याला कळवली जात असे. सुहास हेरेकर गावातल्याच एका शाळेतून संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे लोटली होती. पण शाळा सुटली म्हणून तपासणी सुटते असे थोडेच आहे? केशकर्तनालयाची पाटी, देवळातल्या आरतीचा तिसरा चरण, मंगलाष्टकातली यती, पंचांग न पाहता सांगितलेली तिथी, यांपैकी काहीही त्यांच्या कानांवरून किंवा डोळ्यांखालून सहीसलामत जात नसे. लोक त्यांना फार मानत. ते लांबून येताना दिसले की पलीकडच्या कडेने जात, तेही मानानेच.

अशा माणसाने चुका काढण्याचा आपला अधिकार पणाला लावावा, आणि तोही एका जुन्या व्हिडिओ गेमच्या पायी, हे खासबागेला आधी खरेच वाटेना. खरे वाटल्यावर मात्र आनंद आवरेना.

झाले ते असे. गल्लीच्या गणेश मंडळाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. मंडळाचा अध्यक्ष युवराज हा सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने 'आठवणीतली खासबाग' असा देखावा योजला होता. त्यासाठी जुन्या वस्तूंच्या शोधात असताना गुंडूच्या माळ्यावर एक यंत्र सापडले. नव्वदच्या आसपास गुंडूने घरातले माग विकून त्या जागेत व्हिडिओ गेमचे दुकान काढले होते. त्यातले एकच कपाटाएवढे यंत्र उरले होते: बिलियर्ड्सचे. हिरवे टेबल, दहा रंगीत चेंडू, एक पांढरा, नेम फिरवायला एक दांडी आणि फटका सोडायला एक बटण; ते जितका वेळ दाबून धरावे तितका जोर. निपाणीहून एक कारागीर आला, त्याने दोन दिवस खपून ते जिवंत केले आणि जाताना सांगितले, "वरची काच नवी घातलीया, आतला खेळ मात्र जुनाच. एक अक्षर बदललं न्हाई."

मंडळाच्या सभेत युवराजने कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली. "बिलियर्ड्सचे सम्राट, येळ्ळूरचे परशराम अण्णा घाडी यांचं खास प्रात्यक्षिक..."

"दोन दुरुस्त्या आहेत," हेरेकर सर उभे राहिले.

सभेने पाय लांब केले.

"पहिली. हा खेळ बिलियर्ड्स नव्हे. बिलियर्ड्सला तीन चेंडू असतात. याला पूल म्हणतात. दुसरी. ज्याने राज्य मिळवले तो सम्राट. परशरामाला ते रस्त्यात सापडले. अभ्यास नाही, पद्धत नाही. भजनाला बसल्यासारखी मान हलवायची आणि बटण सोडायचे. याला आपल्या भाषेत नशीब असा शब्द आहे."

परशराम मागच्या खुर्चीवर बसला होता. उमेदीच्या वयात तो मच्छे गावातल्या फाउंड्रीत कामाला होता, आणि सुटल्यावर घरची वाट वाकडी करून सायकलने खासबागेत येत असे, ते केवळ या यंत्रासाठी. हेरेकर सर तेव्हा तरुण होते. ते गुंडूच्या दुकानात प्रथम गेले ते नववीची मुले पकडायला. मुले पकडून झाली, घरी पाठवून झाली. मग मुलांना यात दिसते तरी काय, हे पाहण्यासाठी सर थांबले. ते पाहण्यात चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत यंत्राच्या पडद्यावर पहिले नाव नेहमी परशरामाचे आणि दुसरे सरांचे. दुकान बंद झाले, पडदा विझला, पण हा क्रम सरांच्या मनातून गेला नाही.

"व्हय रं मास्तर?" परशराम हसत म्हणाला. "चार वरसं नुस्तं नशीबच हुतं म्हणतोस?"

"नशिबाला मुदत नसते."

"मग लाव की पैज. सगळ्यांच्या देखत खेळू. मी हरलो तर माईकवर सांगतो, लोकहो, मला खेळायला येत न्हाई, समदं नशीब हुतं म्हणून. आणि तू हरलास तर..." परशरामाने सभेवरून नजर फिरवली. काय मागावे हे त्याला सभेच्या तोंडावरच लिहिलेले दिसले. "तर फुडच्या गणपतीपतोर कुणाची चूक काढायची न्हाई. तोंडानं न्हाई, लिहून न्हाई."

मंडळाच्या पन्नास वर्षांत एकही ठराव एकमताने मंजूर झाला नव्हता. हा झाला.

"पतोर नव्हे, पर्यंत," हेरेकर सर म्हणाले. "आणि मान्य."

घरी पोचेपर्यंत ही बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. बेबीताई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, देवापुढे हात जोडून उभ्या होत्या.

"माझ्या यशासाठी?" सरांनी विचारले.

"नवस बोलतेय. कशासाठी ते देवाला ठाऊक आहे." त्या वळल्या. "अहो, एक वर्ष आमटीत मीठ बेताचं आहे हे ऐकलं नाही, तर मला पुन्हा लग्न झाल्यासारखं वाटेल."

सरांची भाची ऋचा तेव्हा त्यांच्याकडेच राहत होती. पुण्याच्या कंपनीचे काम ती बेळगावातून करी, म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून बसे आणि मधूनच हसे. सरांनी तिला सगळी हकीकत तपशीलवार सांगितली. तिने विचारले, "मामा, हा खेळ दरवेळी तसाच सुरू होतो का? चेंडू त्याच जागी?"

"त्याच जागी."

"आणि नेम तोच, जोर तोच, तर निकालही तोच?"

सरांना हे कधी सुचले नव्हते. ऋचाने निपाणीच्या कारागिराकडून खेळाची नक्कल मिळवली, ती आपल्या संगणकावर चालवली आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, "तोच. यात नशीब नावाचा भागच नाहीये. मी तुम्हाला एक बॉट लिहून देते, म्हणजे आपला आपण खेळून बघणारा प्रोग्राम."

बॉट हा शब्द सरांना आवडला नाही; त्यांनी त्याचे नाव 'अनुचर' ठेवले. अनुचराचे काम त्यांनी स्वतः शेजारी बसून पाहिले. तो प्रत्येक फटका सर्व दिशांनी आणि सर्व जोरांनी मारून बघे. चेंडू पडला नाही की खेळ मागे नेई, पुन्हा मारी. पडला की तेथून पुढे जाई, आणि पुढे अडला की पुन्हा मागे येई. न थकता, न चिडता.

"हा विचार करतो?" सरांनी विचारले.

"अजिबात नाही. सगळ्या चुका करून बघतो, उरतं ते बरोबर."

"माझी नववी ब अशीच होती," सर म्हणाले. "फक्त ती मागे येत नसे."

एवढे झाल्यावर सरांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की हे न्याय्य आहे काय? त्यांनी तो स्वतःपुढे मांडला आणि दोन्ही बाजूंनी लढवला. विद्यार्थी परीक्षेपूर्वी ग्रंथावरची टीका वाचतो, ती दुसऱ्याने लिहिलेली असते. म्हणून त्याचे ज्ञान चोरीचे ठरते काय? ठरत नाही. मात्र त्याने ती पाठ केली पाहिजे. परीक्षेला टीका घेऊन बसता येत नाही. म्हणजे अनुचराने शोधावे आणि आपण पाठ करावे, यात दोष तर नाहीच, उलट अभ्यास हा नशिबापेक्षा श्रेष्ठ, हे जे आपण आयुष्यभर वर्गात सांगत आलो, त्याचाच तो पुरावा आहे. अशा रीतीने सरांनी आपला खटला आपल्यापुढे जिंकला.

सायंकाळी ऋचाने निकाल आणला. "मामा, सात फटके. सात फटक्यांत दहाही चेंडू, प्रत्येक फटक्याला किमान एक. एकदा तुमची पाळी आली की परशरामकाकांना दांडीला हात लावायलाही मिळणार नाही."

सरांनी कागद पाहिला. प्रत्येक फटक्याला दोन आकडे होते: शंभरांपैकी दिशा आणि शंभरांपैकी जोर. ते बराच वेळ बोटांवर काही मोजत राहिले.

"सात चालणार नाहीत. आठ हवेत."

"आठ? मामा, सात हे सर्वोत्तम आहे. त्याहून कमी होतच नाही!"

"कमी नको आहे. जास्त हवे आहे. सात फटक्यांचा श्लोक होत नाही."

त्यांनी मग तिला समजावून सांगितले. आपल्याकडे अंक पाठ करण्याची एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक अंकाला काही व्यंजने वाटून दिलेली असतात. स्वर हवे ते घ्यावेत आणि अंकांचे शब्द करावेत. ग म्हणजे तीन, ज म्हणजे आठ, स म्हणजे सात, न म्हणजे शून्य. चार अंकांचा एक फटका म्हणजे चार अक्षरे. दोन फटक्यांचा एक चरण. आठ फटक्यांचा एक पुरा अनुष्टुभ. परंपरेने हे अंक उजवीकडून वाचायचे असतात, पण यंत्रापुढे तेवढी उसंत मिळायची नाही, म्हणून परंपरेकडून सरांनी एवढी एकच सवलत घेतली.

पुढचे काही दिवस ऋचाने जे केले ते तिच्या कंपनीत कोणी केले नसेल. अनुचराने एकेका जागेवरून शक्य ते सगळे फटके काढून द्यायचे, आणि सरांनी त्यांतून अर्थाला आणि वृत्ताला चालणारा निवडायचा.

"दिशा अडतीस, जोर सत्तर," ती वाचून दाखवी.

"ग, ज, स, न. गजसेना! उत्तम. पुढे?"

"बारा, पंचावन्न?"

"निरर्थक. दुसरा."

"शून्य आठ, बासष्ट. पण हा जरा अवघड आहे, चेंडू अगदी काठावरून जातो."

"न, द, त, र. नदीतीरे!" सरांच्या डोळ्यांत पाणी आले. "ऋचा, चेंडू काठावरून जाऊ दे. हत्तीही काठावरच आहेत."

अशा रीतीने श्लोकाची पहिली ओळ सिद्ध झाली: गजसेना नदीतीरे जलं पीत्वा गृहं गता. हत्तींचे सैन्य नदीकाठी पाणी पिऊन घरी गेले. दुसऱ्या ओळीत ते घरी जाऊन झोपत होते. ऋचाने संगणकाला जोडायला एक दांडी आणून दिली आणि सर सकाळसंध्याकाळ सराव करू लागले. तोंडाने चरण, हाताने दांडी. आठव्या फटक्याला शेवटचे दोन चेंडू एकदम पडत, हत्ती झोपी जात, आणि बेबीताई स्वयंपाकघरातून म्हणत, "झोपले का? मग आता जेवायला या."

उरली एकच गोष्ट. पहिला फटका आपला असला पाहिजे. त्यासाठी नाणेफेक होती. आणि नियमावली? ती तर सरांनी स्वतःच लिहून मंडळाला दिली होती, कारण युवराजने लिहिलेली त्यांना वाचवली नव्हती. तिच्यात गुंडूच्या दुकानातले सगळे जुने संकेत त्यांनी शास्त्रशुद्ध भाषेत बसवले होते. उदाहरणार्थ, पांढरा चेंडू रंगीत चेंडूबरोबर खिशात गेला तर तो रंगीत चेंडू समोरच्याचा, हे गुंडू नुसते ओरडून सांगे. कारण यंत्राला ते कळत नसे, ते खेळणाऱ्यालाच गुण देई. सरांनी लिहिले होते: 'श्वेत गोलाचे सहपतन झाल्यास पतित रंगगोल प्रतिपक्षाचा गणावा.' मंडळाने नियमावली एकमुखाने स्वीकारली होती आणि कोणीही वाचली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी चारला मांडव भरला. खासबाग तर होतीच, येळ्ळूरहून दोन टेम्पो भरून माणसे आली होती. यंत्राचा पडदा मागच्यांनाही दिसावा म्हणून वर मोठ्या पांढऱ्या पडद्यावर घेतला होता. परशराम फेटा बांधून आला होता. नाणेफेकीच्या वेळी मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. नेहमी ऐटीत राहणारा परशराम हळूच म्हणाला, "नाणंबिणं कशाला, युवराज? मी सुरवात करतो की. पाव्हणा म्हणून तेवढं द्या."

"नाणेफेक नियमात आहे," सर घाईने म्हणाले.

नाणे वर गेले. सर जिंकले. परशरामाचा चेहरा उतरला. तो का उतरावा हे सरांना कळले नाही, आणि त्या क्षणी कळून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यांनी दांडीवर हात ठेवला. ओठांवर गजसेना जमली.

"एक मिनिट, सर," युवराज माईकवरून म्हणाला. "आता स्पर्धेचं उद्घाटन! माजी नगरसेवक मष्णू अण्णांना मी विनंती करतो, की त्यांनी आपल्या शुभहस्ते पहिला फटका मारावा!"

सरांचा हात दांडीवर थिजला.

हेरेकर सर खासबागेत जन्मले, वाढले आणि निवृत्त झाले. या गावात कोणतेही कार्य उद्घाटनाशिवाय सुरू होत नाही, आणि उद्घाटन एका पाहुण्याने कधीच होत नाही, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. एक पाहुणा मराठी, एक कन्नड. एकाने फीत कापली तर दुसऱ्याने समई लावायची; एकाने नारळ फोडला तर दुसऱ्याने दुसरा नारळ फोडायचा. हा नियम कोठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो आजवर कोणी मोडलेला नाही. आणि म्हणूनच, प्रत्येक गोष्ट लिहून काढणाऱ्या सरांच्या नियमावलीत तो आला नव्हता.

मष्णू अण्णांनी दांडी धरली, डोळे मिटले, गणपतीचे नाव घेतले आणि बटण सोडले. चेंडू उधळले. एक चेंडू चुकून खिशात गेला. ढोल वाजला, टाळ्या पडल्या.

"युवराज," सर म्हणाले, "आता यंत्र बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू कर."

"सर, काय बोलताय!" युवराज कुजबुजला. "अण्णांनी पाडलेला चेंडू त्यांच्यासमोर परत वर काढायचा?"

मष्णू अण्णांना ऐकू गेलेच. "का वो सर? माझा फटका चुकला काय?"

मांडव हसला. सरांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ होती, की समोर चूक होती, चूक करणारा स्वतःहून विचारत होता, आणि सांगता येत नव्हते. तेवढ्यात दुसरे पाहुणे, यंत्रमागवाले शिवलिंगप्पा, उपरणे सावरत पुढे आले. आपल्याला काय काम आहे, असे त्यांनी नजरेनेच विचारले. काम तर काही योजलेले नव्हते. मागून कोणी तरी कन्नडात ओरडले, "होडीरी, अप्पा, होडीरी!" आणि शिवलिंगप्पांनीही एक फटका हाणला. चेंडू पडला नाही, पण उरलेसुरले जे जागेवर होते तेही निघून गेले.

पाहुण्यांचा चेंडू कोणाचाच नाही, असा निर्णय झाला. टेबलावर नऊ चेंडू उरले, आणि त्यांतला एकही कोणत्याच श्लोकात बसत नव्हता.

सरांच्या हाताला मात्र दुसरे काही येत नव्हते. त्यांनी गजसेना सोडली. पांढरा चेंडू नदीकडे न जाता सरळ कडेला आपटून परत आला. मांडवात हशा पिकला. बेबीताई पहिल्या रांगेत पदराआड हसत होत्या. ऋचाने कपाळावर हात मारला. आता परशराम. तो पुढे झाला, मान हलवू लागला, ओठ मिटून काही गुणगुणला, आणि बटण सोडले. पांढरा चेंडू दोन रंगीत चेंडूंच्या मधून, एकालाही न शिवता, अदबीने निघून गेला.

येळ्ळूरचे लोक "अरारा" म्हणाले. पुन्हा सर, पुन्हा काही नाही. पुन्हा परशराम, तोच प्रकार. खिशाच्या तोंडाशी बसलेला चेंडू, जो कोणत्याही पोराने फुंकरीने पाडला असता, त्याला तो लागला नाही. सरांनी त्याच्या मानेकडे पाहिले. मान हलत होती ती भलत्याच जागी थांबत होती.

"परशराम," ते पडद्याकडेच पाहत पुटपुटले, "मान कशावर हलवतोस?"

"आं?"

"ताल कसला आहे तो?"

परशरामाने आजूबाजूला पाहिले. मग त्याने खाकरून आवाज दाबला. "भजनी ठेका हाय. पैल्या फटक्याला दांडी डाव्या हाताला चार बोटं, तिसऱ्या टाळीला बटण सोडायचं. दुसऱ्याला दीड बोट, पाचवी टाळी. चेंडू दर टायमाला त्याच जागंवर जात्यात, मास्तर. मला दुसऱ्याच म्हयन्यात उमगलंतं."

"म्हणजे तुला पाठ होतं! चार वर्षं!"

"हळू बोल की. तुला रं?"

"मलाही."

"कशावर?"

"श्लोकावर."

"किती श्लोक?"

"एकच. त्यात हत्ती आहेत."

परशरामाने मोठ्या पडद्याकडे पाहिले. नऊ चेंडू निर्विकारपणे पडून होते. "मग आता कसं रं?"

"आता," सर म्हणाले, "आपल्या दोघांनाही खेळता येत नाही."

"युवराजला सांगतोस काय?"

"त्याने विचारलेले नाही."

आणि मग, तीस वर्षांत प्रथमच, ते दोघे तो खेळ खेळले. डोळे बारीक करून चेंडू पाहावा, दांडी थोडी सरकवावी, जास्त झाली म्हणून मागे आणावी, जोर अंदाजाने सोडावा आणि हळहळावे, असा तो खेळ होता. मांडवाला वाटले, दोन्ही उस्ताद म्हातारे झाले. येळ्ळूरच्या एका टेम्पोतली माणसे चहाला गेली. हेरेकर सरांना मात्र नवलच वाटत होते: चेंडूला चेंडू लागला की तो वेगळ्या दिशेला जातो, आणि ती दिशा आधी ओळखता आली तर मनात काही तरी उजळते. अनुचराच्या शेजारी बसून एवढे दिवस घालवले, त्यात हे कधी झाले नव्हते. एकदा तर परशरामाने अवघड चेंडू पाडला तेव्हा ते स्वतःच "वा!" म्हणाले, आणि मग पैज आठवून गंभीर झाले.

चार चेंडू सरांचे झाले, चार परशरामाचे. शेवटचा एक उरला. पाळी सरांची होती.

चेंडू कोपऱ्याजवळ होता. सरांनी दांडी नीट लावली. आता हा पडला की चुका काढण्याचा अधिकार राहिला. चुकला आणि परशरामाने पाडला की पुढच्या गणपतीपर्यंत साऱ्या खासबागेने वाटेल ते बोलावे, लिहावे, गावे, आणि आपण ऐकावे. त्यांनी बटण सोडले. पांढरा गेला, रंगीताला लागला, आणि रंगीत चेंडू खिशात नाहीसा झाला.

यंत्राने कर्णकटू सुरावट वाजवली, पडद्यावर चांदण्या फुटल्या, अक्षरे चमकू लागली. "पाच चार! हेरेकर सर विजयी!" युवराज ओरडला, पण शोकसभेत ओरडावे तसा. टाळ्या पडल्या त्याही तशाच. बेबीताईंनी देवाकडे पाठ केल्यासारखी मान फिरवली.

सर पडद्याकडे पाहत होते. चांदण्यांच्या खालून पांढरा चेंडू अजून सरकत होता. अगदी सावकाश, जसे काही त्याला कोणी बोलावले नाही पण जायचे तर आहे. तो खिशाच्या ओठावर थांबला, डगमगला आणि आत गेला. पुढच्याच क्षणी यंत्राने सगळे पुसून टाकले.

मांडवात कोणीही पडद्याकडे पाहत नव्हते. परशराम पाठ फिरवून फेटा काढत होता.

सरांच्या मनात बाजू उभ्या राहू लागल्या. एक म्हणाली, नियमात 'सहपतन' लिहिले आहे. हा मागाहून गेला, त्याला सह म्हणावे काय? दुसरी म्हणाली, एका फटक्याच्या पोटात जे घडले ते सहच. पहिली म्हणाली, कोणी पाहिले? खटला पहिल्या बाजूने जवळजवळ सुटलाच होता, इतक्यात परशरामाने माईक हातात घेतला. शब्दाचा पक्का माणूस तो.

"लोकहो," तो म्हणाला. "ठरल्यापरमाणं सांगतो. मला खेळायला येत न्हाई. चार वरसं जे जिंकलो ते समदं नशीब..."

"चूक!"

तो शब्द आपल्याच तोंडून आला हे सरांना मांडवाबरोबरच कळले. पण आता थांबणे शक्य नव्हते. असत्य विधान चारचौघांत, ध्वनिक्षेपकावरून, अर्धवट उच्चारले गेले होते.

"या खेळात नशीब नाही. कधीच नव्हते. आणि तू हरलेलाही नाहीस. युवराज, श्वेत गोलाचे सहपतन झालेले आहे. पतित रंगगोल प्रतिपक्षाचा गणावा."

"म्हणजे काय, सर?"

"म्हणजे पांढरा पडला, गाढवा! शेवटचा चेंडू परशरामाचा. पाच त्याचे, चार माझे."

मांडवाला हे समजायला क्षणभर लागले. समजल्यावर जो गजर झाला तो विसर्जनालाही होत नाही. ढोलवाले उभे राहिले, चहाला गेलेले येळ्ळूरकर धावत आले, मष्णू अण्णांनी शिवलिंगप्पांना मिठी मारली. बेबीताईंनी डोळे मिटून हात जोडले.

ऋचा गर्दीतून वाट काढत आली. "मामा! कोणीच पाहिलं नव्हतं. गप्प बसला असतात तर?"

"गप्प बसण्याची अट हरल्यानंतर लागू होते," सर म्हणाले. "मी तेव्हा जिंकलेला होतो."

सत्कार लगेच झाला. दोन शाली, दोन नारळ, दोन पाहुणे. युवराजने नव्या धीराने माईक घेतला आणि गर्जना केली, "बिलियर्ड्सचे सम्राट परशराम अण्णा घाडी!" सवयीने सगळ्या मांडवाने हेरेकर सरांकडे पाहिले. सरांनी छताच्या झालरीकडे पाहिले. मांडवाला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. काही तरी राहिल्यासारखे वाटले.

परशरामालाही वाटले असावे. त्याने माईक ओढून घेतला. "थांब, युवराज. ह्याला बिलियर्ड म्हणत न्हाईत. ह्याला पूल म्हणत्यात. बिलियर्डला चार चेंडू असत्यात." आणि त्याने सरांकडे पाहिले.

सरांचे ओठ घट्ट मिटलेले होते. हात शालीच्या आत होते. मान मात्र, कोणाला न विचारता, किंचित डावीकडून उजवीकडे गेली.

"तीन!" परशराम म्हणाला. "तीन चेंडू."

"हे चालायचं न्हाई!" पहिल्या रांगेतून कोणी तरी उठले. "सरांनी मान हलवली! चूक काढली!"

"तोंडानं न्हाई, लिहून न्हाई, एवढंच ठरलंतं," मष्णू अण्णा म्हणाले. "मानेचं काय बोलणं न्हवतं."

"मास्तरांनी मान हलवली म्हणजे मार्क कापले," शिवलिंगप्पा ठामपणे म्हणाले. "शाळेत गेलेल्या कुणालाबी विचारा."

पाहता पाहता मांडवाचे दोन भाग झाले. मान ही तोंडात धरावी की धरू नये, यावर दोन्ही भाषांत वाद पेटला. युवराज माईकवरून शांततेचे आवाहन करीत होता आणि त्यातही दोनदा चुकला. त्या वादाचा जागच्या जागी निकाल लावील असा एकच मुद्दा होता. तो हेरेकर सरांना पहिल्याच मिनिटाला सुचला होता, आणि पुढच्या गणपतीपर्यंत तो त्यांच्याजवळच राहणार होता.